कोरडा हात

अक्कलकोट रोड एमआयडीसी, डायहाऊसचं मागचं दार.
पत्र्याखाली चव्वेचाळीस अंश.
सोड्याच्या पोत्यांवर बसून मी बेरीज करतेय.

रंगाच्या टाक्या बारा.
प्रत्येकीला तापमानाचा एक लूप, पातळीचा एक,
रंग आणि मीठ सोडणाऱ्या पंपांचे दोन.
अठ्ठेचाळीस.
एका लूपला दीडशे मायक्रोसेकंद धरते.
पुस्तकात शंभर दिलेत,
पण पुस्तकातल्या टाकीला झाकण कायम नीट बसतं.

सात पूर्णांक दोन मिलिसेकंद झाले.
इंटरलॉकचे तीन. पडद्यावर आकडे हलते ठेवायचे दोन.
दर वीस मिलिसेकंदांनी त्या डब्याला
सगळ्या बारा जणींची विचारपूस करून परत यायचंय,
आणि त्याला बारा पूर्णांक दोन लागतात.
एकसष्ट टक्के.

दासरीशेठनी स्वस्तातला डबा काढून ठेवलाय,
दीडपट हळू. त्याचं गणित ब्याण्णववर जातं.
"म्हणजे आठ टक्के उरतातच की," शेठ म्हणाले,
"आणि तुमच्या महागड्यात एकोणचाळीस टक्के
नुसतं बसून राहणार. त्याचा पगार मी का द्यायचा?"

मी कॅल्क्युलेटर पुसला.
घाम स्क्रीनवर पडला की साताचा एक दिसतो.

मल्लेशम मामा तिथंच विडी न पेटवता उभे होते.
चाळीस वर्षं रंगात. नखं अजून मोरपिशी.
"काय मोजायलीस गं एवढं?"
सांगितलं. लूप, स्कॅन, टक्के.
त्यांनी ऐकलं, बोटांवर काहीतरी मोजलं,
वकटी, रेंडू, मूडू, नालुगू, ऐदू,
आणि पाचाला थांबले.

"पाच टाक्या डोक्यात मावायच्या माझ्या.
ह्यांच्या वडलांनी सहावी दिली.
त्या दिवशी काय झालं नाही.
महिनाभर काय झालं नाही.
मला वाटलं, मावली की.
मग एका रात्री लाईट गेली अन् आली.
सहा पोरं सहा बाजूंनी वरडायला लागली,
मामा वाफ, मामा पाणी, मामा रंग चढंना.
मी सगळ्यांचं ऐकलं.
ऐकण्यातच वेळ गेला बघ.
चारशे टॉवेल, अबोली द्यायचे होते.
विटकरी निघाले."

शेठ मोबाईलमध्ये बघत होते, पण अंगठा हलत नव्हता.

खालची ओळ मी अजून लिहिलीच नव्हती:
वीज येते त्या क्षणी
शहाण्णव अलार्म एकदम जागे होतात.
एकेकाला साठ मायक्रोसेकंद, म्हणजे आणखी पावणेसहा.
माझा डबा अठरावर धापा टाकत उभा राहतो.
स्वस्तातला सत्तावीसवर जातो,
वीसच्या पेल्यात सत्तावीस,
आणि आतला वॉचडॉग, जो एरवी भुंकतही नाही,
सगळं एका दमात बंद करून टाकतो.
बाराही टाक्या. वाफ आत तशीच.

रोजच्या दिवसाचं गणित सोपं असतं.
रोजचा दिवस कुणालाही पेलतो.
मला त्या एका सेकंदासाठी बोलावलंय,
जो या बारा टाक्यांवर
कधी येईल ते मला सांगता येत नाही
आणि ज्याचं बिल मात्र आजच द्यायचंय.

"मग त्यानंतर काय केलंत, मामा?"
"काय करणार? सहावी परत दिली नाही त्यांनी.
पण तेव्हापासून एक हात कोरडा ठेवायला शिकलो.
कितीबी काम असू दे,
डावा हात रंगात घालायचाच नाही.
पोरं हसायची. मालक म्हणायचे, अर्ध्या हाताचा मजूर."
त्यांनी डावा तळवा उलटा करून दाखवला.
खरंच, त्याची नखं साधी होती,
कुणाही माणसाच्या नखांसारखी.

अहवालात 'राखीव क्षमता' नावाचा एक रकाना असतो.
त्यात मी लिहिलं: एक हात, कोरडा.
मग खोडून लिहिलं: ३९%.

शेठनी कागद घेतला, उन्हाकडे धरला,
जणू आकड्यातून पलीकडचं दिसेल.
"ट्रान्सपोर्ट धरून किती?"
मी सांगितलं.
"पुण्याहून येतं ना? मग ट्रान्सपोर्ट निम्मं करा."

मामांनी आता कुठं विडी पेटवली,
उजव्या हातानं.